कावीळ न झालेली कावीळ

२०२४ च्या डिसेंबरअखेर आमचा बुलढाणा जिल्हा अचानक नॅशनल न्यूज झाला. शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांमध्ये लोकांचे केस मुठीमुठीने गळायला लागले. तीन-चार दिवसांत डोकं सफाचट. टीव्हीवाल्यांनी लगेच नाव ठेवलं, 'टक्कल व्हायरस'. ऑफिसमध्ये रोज कोणीतरी विचारायचं, "अरे तू बुलढाण्याचा ना? लांब बस बाबा!" आणि सगळे हसायचे. मीही हसायचो. मग पाणी तपासलं गेलं, आयसीएमआरची टीम आली, पुढे डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. म्हणजे ज्याला सगळ्या देशाने व्हायरस व्हायरस म्हणून घेतलं, तो बहुधा व्हायरस नव्हताच.

गंमत अशी, की त्याच दिवसांत आमच्या घरात एक खराखुरा व्हायरस सापडलेला होता. तो आमच्याकडे बहुतेक तीस वर्षं मुक्कामाला होता आणि त्याने कोणाच्या केसालाही धक्का लावला नव्हता. म्हणूनच कोणाला पत्ता लागला नाही. त्याच्यावर ना बातमी आली, ना टीम आली.

आज त्याच्याबद्दल लिहायचंय. आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. जावाचा कोड लिहून पोट भरणारा माणूस आहे. पण एखादा प्रॉडक्शन बग घरातच निघाला की आपण जसं झपाटल्यासारखं वाचत सुटतो, तसं गेलं वर्षभर वाचलंय, आणि जे समजलं ते तुमच्यापर्यंत पोचलं पाहिजे असं मनापासून वाटतंय.

तर, माझे मोठेबाबा. (पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी : आमच्याकडे वडिलांच्या थोरल्या भावाला मोठेबाबा म्हणतात आणि त्यांच्या बायकोला मोठी आई.) राहायला घाटाखाली, खामगावजवळच्या एका गावात. कापूस, सोयाबीन, तूर. दारू नाही, तंबाखू नाही, शेगावची वारी चुकवत नाहीत. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांना थकवा यायला लागला. चार घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. डाव्या बरगडीखाली जड वाटायचं. गावातल्या डॉक्टरने ताकदीची सलाईन लावली. दुसऱ्याने रक्त कमी आहे म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्याने मलेरियाचा कोर्स दिला. असे तीन महिने गेले. शेवटी एका सोनोग्राफीत दिसलं, की प्लीहा, म्हणजे जुने लोक जिला पाणथरी म्हणतात ती, जवळपास दुप्पट झालीय. तिथून छत्रपती संभाजीनगर, तिथे बोन मॅरोची तपासणी, आणि मग तो शब्द : लिम्फोमा. शरीराचं संरक्षण करणाऱ्या पांढऱ्या पेशींचा कॅन्सर. त्यातला प्लीहेत सुरू होणारा, हळू वाढणारा एक प्रकार.

कॅन्सर म्हटल्यावर घरात जे होतं ते झालं. मोठी आई भिंतीला टेकून बसली. वडील खर्चाचा हिशेब मांडायला लागले. मी फोनवर केमोथेरपीच्या किमती शोधायला लागलो. आणि डॉक्टर शांतपणे म्हणाल्या, "केमोचं नंतर बघू. आधी दोन साध्या रक्ततपासण्या करू. हिपॅटायटीस बी आणि हिपॅटायटीस सी."

मोठी आई एकदम म्हणाली, "यायले तं कावीळ कदी झालीच नाई! मंग हे कायची टेस्ट?"

खरं सांगू? इंजिनिअरिंगची डिग्री असूनही माझ्या डोक्यात नेमका हाच प्रश्न होता. कावीळ लिव्हरची, कॅन्सर रक्तपेशींचा. यांचा संबंध काय?

संबंध होता. हिपॅटायटीस सी पॉझिटिव्ह आला.

मोठ्या आईच्या त्या वाक्यात आपली सगळी गडबड आहे. आपल्या डोक्यात हिपॅटायटीस म्हणजे कावीळ आणि कावीळ म्हणजे पिवळे डोळे. आमच्या भागात कावीळ उतरवणारे असतात. चुन्याच्या निवळीने हात धुतले की पाणी पिवळं होतं, म्हणजे कावीळ उतरली. कोणी मंतरलेली माळ देतं, ती दिवसागणिक लांबत जाते. कोणी हातावर डाग देतं. आणि लोक बरे होतात, हे मी स्वतः पाहिलंय. पण का बरे होतात? कारण पावसाळ्यात दूषित पाण्यातून येणारी कावीळ बहुतेक वेळा हिपॅटायटीस ए किंवा ई असते, आणि ती बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप जाते. (गरोदर बाईला ई झाला तर मात्र जिवावर बेतू शकतं, तिथे माळेच्या भरवशावर राहू नका.) तुम्ही माळ घाला किंवा रोज सकाळी लॅपटॉप रीस्टार्ट करा, ती जाणारच असते. श्रेय माळेला मिळतं.

बी आणि सी ही वेगळी जात. ते पाण्यातून येत नाहीत, रक्तातून येतात. बी शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळालाही जातो. सुरुवातीला अनेकांना काहीच होत नाही, डोळे पिवळे होत नाहीत, आणि तिथेच घात होतो. सीची लागण झालेल्या साधारण दहापैकी सात जणांच्या अंगात तो कायमचा राहतो. बीचं उलटं गणित आहे. धडधाकट मोठ्या माणसाला झाला तर बहुतेक वेळा शरीर त्याला हाकलून देतं, पण जन्मताना लागण झाली तर दहापैकी नऊ बाळांत तो ठाण मांडतो. आपल्याकडे बीला 'पांढरी कावीळ' म्हणतात. नाव किती बरोबर आहे बघा, रंगच नसलेली कावीळ.

असा व्हायरस म्हणजे बॅकग्राउंडला चालणारा प्रोसेस. स्क्रीनवर काही दिसत नाही, पंखा मात्र फिरत राहतो. वीस-तीस वर्षांनी लिव्हर आक्रसतं किंवा लिव्हरचा कॅन्सर होतो. एवढं पुष्कळ लोकांना माहीत असतं. पण लिम्फोमा?

हा भाग मला सगळ्यात इंटरेस्टिंग वाटला, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

हिपॅटायटीस सीचा व्हायरस सापडला १९८९ मध्ये. त्या आधी डॉक्टर त्याला 'ना ए, ना बी' म्हणायचे. अक्षरशः. (या शोधासाठी हार्वे ऑल्टर, मायकेल हॉटन आणि चार्ल्स राइस यांना २०२० चं नोबेल मिळालं.) तपासणी हातात आल्यावर १९९० च्या दशकात इटलीतल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं, की लिम्फोमाच्या पेशंटमध्ये हा व्हायरस जरा जास्तच वेळा सापडतोय. इटलीत सी मुळात बराच पसरलेला, म्हणून तिथे ते उठून दिसलं. पुढे देशोदेशीची आकडेवारी एकत्र केली तेव्हा निघालं, की सी असलेल्या माणसाला नॉन-हॉजकिन लिम्फोमा होण्याचा धोका साधारण दोन ते अडीच पट आहे. कॅन्सरची कारणं ठरवणाऱ्या आयएआरसी या आंतरराष्ट्रीय संस्थेने सीला लिम्फोमाच्या पक्क्या कारणांत धरलंय. बीच्या बाबतीत तिने पुरावा मर्यादित मानला. पण कोरियात सहा लाखांहून जास्त लोकांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून २०१० मध्ये जो अभ्यास छापला गेला, त्यात बी असलेल्यांना धोका साधारण पावणेदोन पट दिसला.

आता 'अडीच पट' वाचून घाबरायच्या आधी एक मिनिट थांबा. आपण आकड्यांतली माणसं आहोत, टक्के ऐकले की विचारायचं असतं, कशाचे? भारतात नॉन-हॉजकिन लिम्फोमा वर्षाला लाखामागे दोन-तीन लोकांना होतो. त्याचे अडीच पट म्हणजे लाखात सहा-सात. म्हणजे सी असलेल्या बहुसंख्य लोकांना हा कॅन्सर कधीच होणार नाही. त्यांना खरा धोका लिव्हरचाच आहे. पेपरात 'काविळीमुळे ब्लड कॅन्सर!' असं वाचलं तर हे गणित आठवा.

मग मी एवढं का लिहितोय? कारण या नात्याची दुसरी बाजू पेशंटच्या कामाची आहे.

आपल्या रक्तात बी-पेशी असतात. (हिपॅटायटीस बीचा आणि या नावाचा काही संबंध नाही, नाव ठेवणाऱ्यांनी गोंधळ घातलाय.) त्यांचं काम म्हणजे घुसखोर ओळखणं, त्याच्याविरुद्ध हत्यारं बनवणं आणि त्यासाठी आपली संख्या वाढवणं. घुसखोर गेला की त्या शांत होतात. पण सी जातच नाही. तो या पेशींच्या अंगावरच्या सीडी८१ नावाच्या प्रोटीनला चिकटतो आणि त्यांना डिवचत राहतो. म्हणजे अलर्ट वाजतोय, टीम धावतेय, अलर्ट बंद होत नाही, पुन्हा टीम धावतेय... वीस-तीस वर्षं. पेशी वाढतात, वाढतात, आणि प्रत्येक नवी पेशी म्हणजे डीएनएची नवी कॉपी. इतक्या कॉप्या मारल्यावर कुठेतरी चूक होणारच. एक दिवस एका पेशीत अशी चूक होते, की थांबायचा आदेशच ती ऐकत नाही. तोच लिम्फोमा. नेमकी यंत्रणा अजून पूर्ण उलगडलेली नाही, पण ढोबळ चित्र असं आहे.

मग प्रश्न असा, की अलर्टचं मूळ कारणच काढून टाकलं तर?

२००२ मध्ये फ्रान्सच्या ऑलिव्हिए एर्मिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक छोटासा अभ्यास छापला. प्लीहेचा एक लिम्फोमा आणि सोबत हिपॅटायटीस सी असलेले नऊ पेशंट. त्यांना त्यांनी व्हायरसवरचं तेव्हाचं औषध दिलं, इंटरफेरॉन. नवांपैकी सात जणांच्या रक्तातून व्हायरस गेला आणि त्यांचा लिम्फोमाही मावळला. उरलेल्या दोघांना रिबाव्हिरिन जोडून दिल्यावर त्यांचा व्हायरस गेला आणि लिम्फोमाही एकाचा पूर्ण, एकाचा काही प्रमाणात मागे हटला. एका पेशंटमध्ये व्हायरस परत आला, तर लिम्फोमाही परत आला! आणि तोच लिम्फोमा असलेल्या पण सी नसलेल्या सहा जणांना हेच इंटरफेरॉन दिलं, तर त्यातल्या एकालाही गुण आला नाही.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून चक्कर मारून आलो. बग रिप्रोड्यूस होतोय, फिक्स टाकला की जातोय, फिक्स काढला की परत येतोय, आणि ज्या मशीनमध्ये ते कारण नाही तिथे फिक्सचा परिणाम शून्य. पंधराच माणसं होती, चिठ्ठ्या टाकून केलेली ट्रायल नव्हती, हे मान्य. पण पुढच्या वीस वर्षांत इतरांनाही हेच दिसत गेलं. आज हळू वाढणाऱ्या अशा लिम्फोमात, घाई नसेल तर, आधी व्हायरस घालवा असं डॉक्टर म्हणतात. (वेगाने वाढणाऱ्या लिम्फोमात केमो टाळता येत नाही, तिथे व्हायरसचं औषध सोबत किंवा नंतर देतात. हे ठरवणं डॉक्टरचं काम, गूगलचं नाही.) याआधी पोटाच्या एका लिम्फोमातही असंच घडलं होतं. हेलिकोबॅक्टर नावाच्या जंतूवर अँटिबायोटिक दिलं आणि लिम्फोमा मागे हटला, हे १९९३ मध्ये लॅन्सेटमध्ये आलं होतं. काही कॅन्सर सुरुवातीच्या काळात आपल्या कारणाच्या जिवावरच जगत असतात.

म्हणून डॉक्टर म्हणाल्या होत्या, केमोचं नंतर बघू.

मोठेबाबांना बारा आठवडे गोळ्या दिल्या. सोफोसबुव्हिर आणि सोबत डॅक्लाटासव्हिर. रोज सकाळी चहानंतर. ते शेतात जात होते, बैलांचं पाणी-वैरण बघत होते. तीन महिन्यांनी रक्तात व्हायरस सापडला नाही. त्यानंतर आणखी तीन महिन्यांनीही सापडला नाही, म्हणजे सी गेला असं मानतात. प्लीहा हळूहळू कमी होत गेली, रक्त वाढलं. लिम्फोमा कायमचा गेला असं कोणी म्हणालेलं नाही. दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं आणि प्रत्येक वेळी सोनोग्राफीच्या टेबलाबाहेर आमचा जीव टांगणीला लागतो. पण आजपर्यंत त्यांना केमोचा एकही डोस लागलेला नाही.

आता बीची गोष्ट. ती उलटी आहे आणि जास्त धोकादायक आहे.

लिम्फोमाच्या उपचारात रिटक्सिमॅब नावाचं औषध फार वापरतात. अमेरिकेत ते १९९७ मध्ये मंजूर झालं आणि त्याने कितीतरी जीव वाचवले. ते बी-पेशींनाच उडवतं. पण समजा पेशंटच्या अंगात हिपॅटायटीस बी झोपलेला आहे. पेशंटला माहीत नाही, डॉक्टरने तपासलं नाही. त्याच्यावर पहारा ठेवणारी यंत्रणाच औषधाने झोपवली. मग तो उठतो, आणि असा उठतो की काही आठवड्यांत लिव्हर निकामी होऊ शकतं. कॅन्सर आटोक्यात येतोय आणि माणूस काविळीने जातोय. ज्याचा बी कधीकाळी 'बरा झाला' होता, त्याच्यातही हे होऊ शकतं, कारण व्हायरसचा थोडा अंश लिव्हरच्या पेशींत लपून राहतो. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने या औषधाच्या माहितीपत्रकावर याचा सगळ्यात कडक इशारा टाकायला लावला. उपाय काय? औषध सुरू करण्यापूर्वी बीची तपासणी, आणि सापडला तर सोबत रोजची एक गोळी. बस्स!

म्हणजे सीमध्ये तपासणी केली तर कॅन्सरवर वेगळी वाट सापडू शकते, आणि बीमध्ये नाही केली तर उपचारच जीव घेऊ शकतो. दोन्हीकडे दाराशी त्याच दोन साध्या टेस्ट आहेत.

तुमच्या किंवा माझ्या घरात कोणाला लिम्फोमाचं निदान झालं, तर पहिला प्रश्न हाच विचारा, "बी आणि सी तपासलेत का?" चांगले डॉक्टर विचारायच्या आधीच करतात. पण विचारायला पैसे पडत नाहीत.

पण हा झाला शेवटचा टप्पा. मला खरं बोलायचंय ते आधीच्या तीस वर्षांबद्दल.

मोठेबाबांना सी कुठून आला? कधीच कळणार नाही. १९९४ मध्ये त्यांचा मळणीयंत्रात हात सापडला होता, तेव्हा रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या होत्या. आपल्या देशात दान केलेल्या रक्ताची हिपॅटायटीस सीसाठी तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. त्या आधी सीसाठी न तपासलेलं रक्त सर्रास चढवलं जात होतं. किंवा ते रक्त ठीक असेल आणि सुईतून आला असेल. आमच्या गावात डॉक्टरने सुई मारली नाही तर पेशंट नाराज होतो, "नुसत्या गोळ्या देल्या न बाप्पा" म्हणतो. आणि काचेची सिरिंज नीट न उकळता एकावरून दुसऱ्याला, हे दृश्य माझ्या वडिलांनी पाहिलेलं आहे. ही फक्त जुनी गोष्ट नाही बरं का. २००९ मध्ये गुजरातेत मोडासाच्या भागात वापरलेल्या सुया-सिरिंजांतून हिपॅटायटीस बीची साथ पसरली आणि कितीतरी माणसं दगावली.

आणि श्रीमंत-गरीब असाही भेद नाही. अमिताभ बच्चन यांना १९८२ मध्ये 'कुली'च्या सेटवर अपघात झाला, तेव्हा दिलेल्या रक्तातून बी आला आणि तो जवळपास वीस वर्षांनी कळला, असं त्यांनी स्वतःच जाहीर सांगितलंय. तोपर्यंत लिव्हरचा पाऊण भाग गेलेला होता. ज्या माणसाला देशातला कुठलाही डॉक्टर मिळू शकतो, त्याला वीस वर्षं कळलं नाही. मग खामगावजवळच्या शेतकऱ्याला कसं कळणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालात भारताचा अंदाज दिलाय : २०२२ मध्ये सुमारे २ कोटी ९८ लाख लोकांना बी आणि ५५ लाख लोकांना सी. जगभरात बी असलेल्यांपैकी फक्त १३ टक्के लोकांचं निदान झालेलं होतं आणि सीचं ३६ टक्के. बाकीचे मोठ्या आईसारखं म्हणत असणार, "कावीळ तं झालीच नाई."

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं गावाकडचं आणि म्हाताऱ्यांचं. आम्ही बाणेर-हिंजवडीत राहतो, फिल्टरचं पाणी पितो. बरं, एक हिशेब करू. हिपॅटायटीस बीची लस सरकारी लसीकरणात प्रयोग म्हणून आली २००२ मध्ये, आणि सगळ्या देशात पोचली २०११ मध्ये. मी १९९७ चा. आपल्यातले बहुतेक जण त्या आधीचे. आईवडिलांनी खाजगीत पैसे भरून दिली असेल तरच आपल्याला ती मिळालीय. तुम्हाला मिळाली होती का? माहीत आहे? मला माहीत नव्हतं. आईला विचारलं तर म्हणाली, पोलिओचे डोस दिले होते, बाकीचं आठवत नाही. लसीचं कार्ड घर बदलताना कधीच गेलं.

आणि आई. माझ्या जन्माच्या वेळी तिला खूप रक्तस्राव झाला होता आणि रक्त चढवावं लागलं होतं, ही गोष्ट मी लहानपणापासून 'माझ्या जन्माची कथा' म्हणून ऐकत आलोय. मोठेबाबांचा रिपोर्ट आला त्या रात्री मला पहिल्यांदा त्या कथेतलं साल दिसलं. १९९७! मी रात्री दीड वाजता गॅलरीत उभा होतो.

दुसऱ्या दिवशी आईला फोन केला. तिला पटवायला तीन आठवडे लागले. "मला काय झालंय?" "लोक काय म्हणतील?" हा दुसरा प्रश्न खरा होता. आमच्याकडे पांढरी कावीळ निघाली की माणसाचं ताट-पेला वेगळा होतो. सोयरीक मोडते. एकत्र जेवल्याने, हात मिळवल्याने, एका घरात राहिल्याने बी-सी पसरत नाही, हे सांगून सांगून तोंड दुखतं. (रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळे ठेवा.) बीची तर लसच आहे. घरात कोणाला बी निघाला तर बाकीच्यांनी टेस्ट करून लस घ्यायची, विषय संपला. पण लाज अशी चीज आहे, की माणूस व्हायरस लपवतो आणि व्हायरसला तेच तर पाहिजे असतं.

आईच्या दोन्ही टेस्ट निगेटिव्ह आल्या. माझ्याही. मी त्याच आठवड्यात लसीचा पहिला डोस घेतला, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा.

आता माझं मत, ज्यासाठी हा सगळा पसारा मांडला.

आपल्या कंपन्या दरवर्षी हेल्थ चेकअप करून देतात. पंचतारांकित ब्रोशर असतं. कोलेस्टेरॉल, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, व्हिटॅमिन बी१२. माझ्या पाच वर्षांच्या पाचही रिपोर्टांत हिपॅटायटीस बी आणि सी नव्हते. लिव्हरचे एन्झाइम होते, पण ते वर्षानुवर्षं नॉर्मल राहूनही व्हायरस असू शकतो. एचबीएसएजी आणि अँटी-एचसीव्ही या दोन टेस्टचा खर्च एका वीकेंडच्या पिझ्झाएवढा. दरवर्षी करायचीही गरज नाही, बहुतेकांना आयुष्यात एकदा पुरते. मग का नाही?

एका मित्राशी यावर वाद झाला. तो म्हणाला, कंपनीच्या चेकअपमध्ये नको, रिपोर्ट एचआरकडे गेला तर? त्याच्या ओळखीच्या एकाची परदेशातली नोकरी मेडिकलमध्ये बी निघाला म्हणून गेली होती. मला त्याचं म्हणणं पटलं. म्हणून माझा प्रस्ताव थोडा बदलला : कंपनीने पैसे द्यावेत, टेस्ट ऐच्छिक असावी आणि रिपोर्ट फक्त माणसाच्या हातात जावा. आणि कंपनी करत नसेल तर वाट कशाला बघायची? कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये स्वतः जा.

सी निघाला तर? बारा आठवडे गोळ्या, आणि शंभरातले पंच्याण्णवहून जास्त लोक बरे होतात. २०१३ मध्ये हीच सोफोसबुव्हिरची गोळी अमेरिकेत एका दिवसाला हजार डॉलरला होती. आज आपल्या देशात ती जेनेरिक बनते, आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटीस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी आणि औषधं मोफत आहेत. गावी आईवडील असतील तर जिल्हा रुग्णालयात चौकशी करा. बी निघाला तर? तो सहसा पूर्ण जात नाही, पण सगळ्यांना औषधही लागत नाही. लागलं तर रोजची एक गोळी त्याला दाबून ठेवते. पॉझिटिव्ह रिपोर्ट म्हणजे शिक्षा नाही. उलट इतकी वर्षं अंधारात चाललेल्या प्रोसेसचा पहिल्यांदा मिळालेला लॉग आहे.

शेगावच्या त्या गावांत केस गळाले तेव्हा सगळी यंत्रणा धावली, आणि धावलीच पाहिजे होती. माझी तक्रार तिच्याबद्दल नाहीच. आपल्याला दिसतं त्याचीच भीती वाटते, एवढंच म्हणायचंय. मोठेबाबांचे डोळे १९९४ मध्ये पिवळे झाले असते, तर कदाचित कोणीतरी तेव्हाच तपासलं असतं... कदाचित माळ घातली असती. असो.

परवा गावी गेलो होतो. मोठेबाबा पारावर दोन-तीन जणांना सांगत होते, "अगा, कावीळ नसली झाली तरी टेस्ट कर. मले कोठी झालती?" ऐकणारे हसत होते. त्यातला एक मात्र हसला नाही. मोठेबाबा पाण्यासाठी उठल्यावर त्याने मला हळूच विचारलं, "कोठी होते रे ते?"

या वीकेंडला आईला किंवा वडिलांना फोन कराल तेव्हा एवढंच विचारा : २००२ च्या आधी कधी रक्त चढवलं होतं का? उत्तर 'हो' असेल तर सोमवारी सकाळी लॅब उघडी असते. उत्तर 'नाही' असलं तरीही उघडीच असते.